रस्त्यावरच्या शर्यतींचे गेम आणि गाजलेल्या मॉडिफाइड गाड्या : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

फुटाळ्यावर चहा घेताना, लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, कुठेही गाड्यांच्या गेमचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. मागच्या दिवाळीत भाच्याने एका संध्याकाळी त्यातले सतरा विचारले. म्हणून एकदाचे लिहून टाकतो. क्रम मनात आला तसा आहे.

कधीच खेळलो नाही. सुरुवात कोणत्या गेमने करू?

'नीड फॉर स्पीड : मोस्ट वॉन्टेड', २००५ चा. त्याच नावाचा २०१२ चाही एक आहे, तो दुसऱ्या कंपनीने बनवलेला वेगळाच गेम आहे. वाईट नाही, पण लोक ज्याच्या आठवणी काढतात तो हा नव्हे. गाडी सजवायचीच हौस असेल तर 'अंडरग्राउंड २' (२००४) घ्या. दरवाजे कसे उघडावेत, डिकीत किती स्पीकर बसवावेत, गाडीखालच्या निऑनचा रंग कोणता, सगळं त्यात ठरवता येतं. गाडी हळू पळाली तरी चालेल पण दिसली पाहिजे, असं मानणारी पोट्टी त्याच गेमने घडवली.

त्या निळ्या-चंदेरी बीएमडब्ल्यूचं एवढं काय आहे?

हा प्रश्न विचारणारा एकतर २००० नंतर जन्मलेला असतो, नाहीतर त्याच्या मोहल्ल्यात सायबर कॅफे नसतो.

'मोस्ट वॉन्टेड' सुरू होतो तेव्हा ती बीएमडब्ल्यू, म्हणजे एम३ जीटीआर, तुमच्याच हातात असते. चंदेरी अंग, त्यावर निळे तुटक पट्टे, आणि सरळ दात असलेल्या गिअरांचा तो किंचाळणारा आवाज. पहिल्या काही शर्यती तुम्ही तिच्यावर जिंकता. मग रेझर नावाचा इसम शर्यतीआधी गाडीत खोट काढून ठेवतो, ऐन रस्त्यावर तेल गळतं, गाडी बंद पडते आणि ती रेझरची होते. तुम्हाला आत टाकतात. बाहेर आल्यावर साध्या गाडीपासून सुरुवात. काळ्या यादीतल्या पंधरा जणांना एकेक करून हरवायचं, आणि पहिल्या क्रमांकावर बसलाय तो रेझर, तुमचीच गाडी घेऊन.

बाकीच्या गेममध्ये सगळ्यात भारी गाडी शेवटी बक्षीस म्हणून मिळते. इथे ती आधी हातात देऊन काढून घेतात. मधले वीस-तीस तास तुम्ही गोल्फ, कोबाल्ट, लॅन्सर काहीही चालवत असाल, कान त्याच आवाजाकडे असतात. माझ्या मते ती गाडी गाजली ती यामुळे. वेगाचं म्हणाल तर याच गेममध्ये तिच्या तोडीच्या गाड्या आणखीही निघतात.

ती गाडी खरी आहे की गेमवाल्यांनी बनवली?

खरी आहे. रंगसंगती तेवढी गेमवाल्यांची. रस्त्यावरच्या एम३ ला त्या पिढीत ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. जीटीआरमध्ये ४ लिटरचं व्ही८ टाकलं आणि २००१ मध्ये अमेरिकन ल मान्स सिरीजच्या जीटी गटात तिने बाकीच्यांची दाणादाण उडवली. प्रतिस्पर्ध्यांनी ओरड केली की रस्त्यावर विकायला अशी व्ही८ वाली एम३ आहेच कुठे, मग ही शर्यतीत कशी? पुढच्या हंगामासाठी नियम बदलला : तशा शंभर गाड्या आणि हजार इंजिनं बनवा, नाहीतर चालू पडा. बीएमडब्ल्यूने तिथून काढता पाय घेतला. नंतर युरोपात याच गाडीने २००४ आणि २००५ असं लागोपाठ न्युर्बर्गरिंगची २४ तासांची शर्यत जिंकली.

म्हणजे खऱ्या जगातही ती आधी जिंकली, मग हिसकावली गेली. गेम लिहिणाऱ्यांनी हे ठरवून केलं का, देव जाणे. जुळून मात्र बेमालूम आलंय.

काळ्या यादीतल्या माणसाला हरवल्यावर त्याची गाडी कशी मिळवायची?

पडद्यावर सहा मार्कर, म्हणजे बक्षिसांच्या खुणा, दिसतात, त्यातले दोन उचलायचे. तीन उघडे, तीन झाकलेले. गाडीचा कागद झाकलेल्यांपैकी एकात असतो. बाकी नशीब. कॅफेतला प्रत्येक जण 'मधला उचल बे, मधलाच असतो' असं छातीठोकपणे सांगायचा आणि प्रत्येकाचा मधला वेगळा असायचा.

हा गेम आता विकत का मिळत नाही?

गाड्यांची नावं, त्यांचे आकार, मागची गाणी, या सगळ्याचे परवाने ठराविक मुदतीचे असतात. मुदत संपली की विकता येत नाही. याच मालिकेतले 'कार्बन', 'अंडरकव्हर', 'शिफ्ट', 'द रन' हे २०२१ मध्ये ऑनलाइन दुकानांतून एका झटक्यात उतरवले गेले. 'मोस्ट वॉन्टेड'ही संगणकासाठी डिजिटल दुकानात मिळत नाही. उरली ती जुनी डीव्हीडी. सीताबर्डीवर 'मोदी नंबर' म्हणतात त्या गल्ल्यांमध्ये पूर्वी ढिगाने असायची, आता जुन्या मालात डोळे फाडून शोधावी लागते. मिळालीच तर आधी मागची बाजू उजेडात धरून बघा, ओरखडे नाहीत ना. आजच्या रुंद पडद्यावर चित्र ताणलेलं दिसतं, त्याला 'वाइडस्क्रीन फिक्स' नावाचा फुकट मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली दुरुस्ती, आहे.

स्कायलाइन भारी की सुप्रा?

या प्रश्नावरून दोन मित्रांनी महिनाभर अबोला धरल्याचं मी पाहिलंय. दोन्ही बाजू मांडतो, भांडा.

निस्सान स्कायलाइन जीटी-आर, गाजलेल्या पिढ्या तीन : आर३२ (१९८९), आर३३ (१९९५), आर३४ (१९९९ ते २००२). इंजिन तिन्हींत एकच, आरबी२६डीईटीटी, २.६ लिटर, ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो. खरी करामत मात्र चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या यंत्रणेची. एरवी गाडी मागची चाकं ढकलतात, ती घसरू लागली की संगणक पुढच्या चाकांकडे ताकद वळवतो. आर३२ ने ऑस्ट्रेलियात जाऊन स्थानिक गाड्यांचा फडशा पाडला, आणि 'गॉडझिला' हे नावही तिला तिथेच मिळालं.

टोयोटा सुप्रा, चौथी पिढी, १९९३ ते २००२. इंजिन २जेझेड-जीटीई, ३ लिटर, हेही ओळीत सहा आणि दोन टर्बो. ब्लॉक बिडाचा. जड, पण दणकट. आतलं क्रँक-पिस्टन न बदलता नुसता मोठा टर्बो आणि इंधनाची सोय केली तर मूळ ताकदीच्या दुपटीला ते सहज तग धरतं, असं ट्यूनर मंडळींचं सर्वसाधारण मत.

आता गंमत ऐका. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं की जाहिरातीत २८० अश्वशक्तीच्या वर जायचं नाही. कागदावर सगळ्या २८०. इंजिनं मात्र त्याहून कितीतरी जास्त झेपेल अशी घडवलेली. घट्ट झाकण लावलेला डबाच तो. उघडायचं काम गॅरेजवाल्यांवर सोडलं. मॉडिफाय करायला जपानी गाड्याच का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. हा समझोता २००४ मध्ये संपला.

माझं मत विचाराल तर वळणाला स्कायलाइन, सरळ रस्त्याला सुप्रा. आणि 'मोस्ट वॉन्टेड'मध्ये स्कायलाइन शोधत बसू नका, त्यात निस्सानची एकही गाडी नाही. सुप्रा आहे, तेराव्या क्रमांकाच्या विककडे.

आणि आरएक्स-७?

माझदाची. फक्त १.३ लिटर, पिस्टन नाहीतच, दोन तिकोनी रोटर गरगर फिरतात. आवाज एखाद्या चिडलेल्या भुंग्यासारखा. दिसायला या सगळ्यांत देखणी, हे मी भांडून सांगेन. सील गेली की मेकॅनिक रडतो, मालक त्याच्याहून जास्त.

नायट्रो मारल्यावर खरंच सायलेन्सरमधून निळा जाळ निघतो का?

नाही. निळा जाळ गेमवाल्यांचा. नायट्रो म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो स्वतः जळतच नाही. हाच वायू दवाखान्यात भूल द्यायला वापरतात. इंजिनात गेल्यावर साधारण ३०० अंश सेल्सिअसला तो फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने बघितलं तर हवेत ऑक्सिजन २३ टक्के, यात ३६. ऑक्सिजन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. शिवाय बाटलीतला द्रव वायू होताना आत शिरणारी हवा गार करतो, तोही फायदा. वायू सोडला आणि जादा पेट्रोल दिलं नाही तर पिस्टन वितळतं. गेममध्ये बटण दाबलं की झालं, तिथे पिस्टनचा खर्च कोणी मागत नाही.

आपल्याकडची खास अडचण वेगळीच. हा वायू ३६.४ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रवरूप राहत नाही. मेमध्ये नागपुरात सावलीत ४५. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होत असेल, विचार करा. बाटलीतला दाब भराभर चढतो आणि सुरक्षेची चकती फुटून सगळं हवेत जातं. नवतपात नायट्रस घेऊन फिरणं म्हणजे कुकरची शिट्टी बांधून ठेवणं.

कितीही जोरात चालवली तरी मागची गाडी पाठ का सोडत नाही?

याला खेळाडू 'रबर बँड' म्हणतात. तुम्ही पुढे गेलात की मागच्यांचा वेग गेम गुपचूप वाढवतो, मागे पडलात की पुढच्यांचा कमी करतो. शर्यत शेवटपर्यंत रंगावी हा हेतू. पण तीन फेऱ्या बिनचूक मारून शेवटच्या वळणावर टॅक्सीला धडकलो आणि चौथा आलो, तेव्हा हेतू-बितू आठवत नाही.

जपानच्या 'टोकियो एक्स्ट्रीम रेसर'चा तोडगा मला जास्त आवडतो. तिथे शेवटची रेषाच नसते. हायवेवर चालता चालता समोरच्याला दिवे मारून आव्हान द्यायचं. दोघांच्याही नावापुढे एक पट्टी. जो मागे पडेल किंवा भिंतीला घासेल त्याची पट्टी घटते, संपली की हरला. कुस्तीसारखं. बरीच वर्षं हा गेम गायब होता, २०२५ मध्ये नव्याने आला.

टोकियोत खरंच असं चालायचं का?

चालायचं. शहराच्या मधोमध सुमारे १५ किलोमीटरचा, बराचसा उंचावरचा गोल रस्ता आहे, सी१. आणि खाडीकाठाने जाणारा सरळसोट वांगान मार्ग. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मध्यरात्रीनंतर तिथे गाड्या पळायच्या. 'मिड नाईट' नावाच्या टोळक्याच्या दंतकथा अजून सांगतात.

या जगातला माझा आवडता माणूस 'स्मोकी' नागाता, टॉप सिक्रेट नावाच्या गॅरेजचा मालक. १९९८ मध्ये हा बाबा आपली सुप्रा घेऊन इंग्लंडला गेला आणि पहाटे ए१ या सार्वजनिक रस्त्यावर ताशी सुमारे ३१७ किलोमीटरने पळवली. पोलिसांनी धरलं, कोठडीत टाकलं, दंड केला. पुढे त्याने टोयोटा सेंच्युरी या बड्या लोकांच्या गाडीतलं ५ लिटरचं व्ही१२ इंजिन उचलून सोनेरी सुप्रात बसवलं. आपल्याकडे अँबेसिडरचं इंजिन जीपमध्ये घालणारे मिस्त्री होते, स्मोकी त्याच जातीचा, फक्त खिशात पैसे जास्त.

कौतुक करतो म्हणून ए१ वरचा प्रकार शहाणपणाचा ठरत नाही. त्या रस्त्यावर त्या पहाटे दुसरंही कोणीतरी कामाला निघालंच असेल.

गेममधल्यासारखी गाडी नागपुरात बनवून घेता येईल का?

दिसण्यापुरती थोडीफार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रात जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे पुन्हा वाचा.

- रंग बदलायचा असेल तर आरटीओत अर्ज करून पुस्तकात नोंद करून घ्या. एमएच ३१ असो की एमएच ४९, नियम एकच.
- मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येतं, नोंद करूनच.
- काचेवर काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंद केली. 'हलकीशी आहे साहेब' हे चौकात कामी येत नाही.
- दुसऱ्या जातीचं इंजिन टाकणं, सायलेन्सर कापणं, बॉडी रुंद करणं, यातलं काहीच बसत नाही.

सायलेन्सरवरून माझी स्वतःची फजिती सांगतो. कॉलेजात असताना काकांची जुनी झेन हाती आली. एका गॅरेजवाल्याने 'मस्त घुमेल भाऊ' म्हणून मधला डबा कापून सरळ पाइप वेल्ड केला. घुमली खरी, इतकी की धरमपेठेतून निघालो तर काकांना घरी कळायचं. वेल्डिंग दहाव्या दिवशी सुटलं आणि पाइप शंकरनगर चौकात रस्त्याला घासत, ठिणग्या उडवत गेला. गेममध्ये ठिणग्या छान दिसतात. तिथे मागचा स्कूटरवाला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. जुना डबा परत लावायला गेलो तर गॅरेजवाल्याने तो भंगारात विकलेला.

आर३४ आयात करून आणता येईल का? पैशाचं बघून घेऊ.

पैशाचं बघितलंत तरी नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, हा नियम. आर३४ चं उत्पादन २००२ मध्येच थांबलं. ज्यांना ती परवडते त्यांनाही इथे पडद्यावरच बघावी लागते, एवढंच आपल्याला समाधान.

समृद्धी महामार्ग रिकामा असतो. एकदा गाडी ताणून बघितली तर?

नको. मर्यादा १२० आहे, घाटात त्याहून कमी. सिमेंटचा तापलेला रस्ता, घासलेले टायर आणि सलग वेग, इथे टायर फुटायला कारण लागत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चालवणारा अल्पवयीन असेल तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही.

खरंच ताणायची असेल तर ट्रॅक आहेत : ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी. देशाच्या मधोमध असूनही आपल्याला सगळेच लांब.

भारतात मॉडिफाय करून गाजलेल्या गाड्या कोणत्या?

आपल्या पिढीसाठी पहिलं नाव होंडा सिटी व्हीटेक. १.५ लिटर, १०६ अश्वशक्ती, आणि त्या काळात तेवढ्या हलक्या गाडीत ते फार होतं. मग मित्सुबिशी लॅन्सर. गेममधली इव्होल्यूशन तिचीच मोठी बहीण, त्यामुळे साध्या लॅन्सरवर इव्होचा बंपर चढवलेल्या गाड्या गावोगाव दिसायच्या. रॅलीवाल्यांची जिप्सी आणि एस्टीम. फियाट पालिओ १.६ पळायची सुंदर, पेट्रोलही तितक्याच आवडीने प्यायची.

उन्हाळ्यात गेम अडखळतो. लॅपटॉप बदलू का?

आधी धूळ काढा. प्रोसेसर ठराविक तापमानाच्या वर गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर बिचाऱ्या पंख्याने करावं काय? आणि कृपा करून लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. हवा गार लागते, पण ओली असते, आणि खसाचे तुकडे व बारीक क्षार सोबत येतात. माझ्या कीबोर्डच्या फटीत पांढरी पूड जमली होती. बाजूला ठेवा, मागून उचलून दोन वह्यांवर टेका, आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वर बांधून टाका. नाहीतर सरळ पहाटे खेळा.

कीबोर्ड, कंट्रोलर की स्टिअरिंग?

'मोस्ट वॉन्टेड'ला कीबोर्ड पुरतो. कीबोर्डवर बाण एकतर पूर्ण दाबलेला, नाहीतर सोडलेला, अर्धं वळण त्याला माहीत नाही. 'असेटो कोर्सा'सारख्या खऱ्याच्या जवळ जाणाऱ्या गेममध्ये त्यानेच गोची होते. तिथे निदान कंट्रोलर हवा. स्टिअरिंग घ्यायचंच तर आधी ते घट्ट बसेल असं टेबल घरात आहे का बघा. पाटावर बांधून चालवणारा एक जण माझ्या माहितीत आहे. चालवतो बरं, मांडी घालून ब्रेक दाबता येत नाही एवढंच.

मोबाईलवर काय खेळू?

'कारएक्स स्ट्रीट'. चार्जिंगला लावून खेळू नका, मेमध्ये तर नाहीच.

तुम्हाला ती एम३ जीटीआर शेवटी परत मिळाली का?

हे भाच्यानेच विचारलं होतं. मिळाली, पण फार उशिरा.

कॅफेत तासाला पंधरा रुपये होते. मी आणि मित्र अर्धे अर्धे घालायचो, एक पळवायचा, दुसरा पोलीस कुठून येताहेत ते सांगायचा. चौथ्या क्रमांकाच्या जेव्हीपर्यंत पोचलो होतो. त्या आठवड्यात कॅफेवाल्याने सगळ्या मशीनवर असं सॉफ्टवेअर टाकलं की संगणक बंद करून चालू केला की सगळं पूर्ववत, व्हायरसही नाही आणि आमचा गेमही नाही. त्याला सांगितलं तर म्हणाला, 'पुन्हा खेळून घ्या ना बे, पैसेच तर लागतात.' आम्ही पुन्हा पंधरापासून सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी लोडशेडिंगमध्ये तेही गेलं. मग परीक्षा आल्या, मित्र पुण्याला गेला.

नोकरी लागल्यावर जुन्या मालात डीव्हीडी सापडली. एका मेमध्ये, दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून, पंधरा दिवस खेळलो. रेझर हरला, किल्ली हातात आली आणि लगेच सगळ्या शहराचे पोलीस मागे. बराच वेळ पळाल्यावर फोन येतो की जुन्या तुटक्या पुलावरून बाहेर निघता येईल. तोच आवाज, तेच निळे पट्टे. गाडी उडाली, पलीकडे टेकली, मागे पोलिसांच्या गाड्या काठावर थांबल्या. मी खुर्चीतून उठलो, मित्राला फोन लावायला, तर आतून आईचा आवाज आला, 'कूलर कोरडा चालून राहिला ना केव्हाचा, पाणी कोण टाकणार?'